चौकोन तिरका लावला की गोधडीची कड का बिघडते? शंकरपाळी गोधडीच्या त्रिकोणांचं साधं गणित

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर 'गोधडी' शोधलं की हल्ली एक डिझाइन हमखास दिसतं. कापडाचे चौकोन सरळ रांगेत न लावता एका टोकावर उभे केलेले असतात, ताटात शंकरपाळ्या मांडून ठेवल्यासारखे. परदेशी क्विल्टवाले याला 'ऑन पॉइंट' म्हणतात. आपल्याकडे या आकाराचं नाव ठरलेलं आहे, शंकरपाळी.

व्हिडिओत हे सगळं दोन मिनिटांत होतं. घरी करायला बसलं की मधले चौकोन पटापट जमतात आणि काम कडेला येऊन अडतं. चौकोन तिरके असल्यामुळे चारही बाजूंना करवतीसारखे दाते राहतात. त्या खाचांमध्ये त्रिकोण बसवायचे असतात. एक चौकोन अर्धा कापला की दोन त्रिकोण झाले, असा सरळ हिशोब करून बहुतेक जण कात्री चालवतात. मग त्रिकोण थोडे लहान पडतात, शंकरपाळीची टोकं शिलाईत कापली जातात आणि गोधडीची कड पापडासारखी लाटा मारते.

दुकानातून आणलेल्या कापडाचं असं झालं तर आणखी अर्धा मीटर आणता येतं. पण गोधडी बहुतेक वेळा आजीच्या सुती साडीची, वडिलांच्या धोतराची किंवा बाळाच्या झबल्यांची असते. ते कापड पुन्हा मिळत नाही. म्हणून कात्री लावण्याआधी हे गणित एकदा नीट समजून घ्यायला हवं. ते अवघड नाही. चौथी-पाचवीचा गुणाकार येत असला की पुरे.

नगर जिल्हा आणि गोधडी

अहिल्यानगर, म्हणजे 2024 पर्यंतचं अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. इथे गोधडी ही शोभेची वस्तू कधीच नव्हती. अकोले तालुक्यात कळसूबाई आणि भंडारदऱ्याच्या बाजूला थंडी कडक पडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांच्या सामानात कोयता, भांडी आणि गोधड्या असतातच. कोपीत सहा महिने काढायचे तर खाली एक आणि अंगावर एक लागतेच. नगर शहर आणि संगमनेर ही हातमागाची जुनी ठिकाणं. पद्मशाली विणकरांच्या सुती लुगड्यांनी अनेक घरांतल्या गोधड्यांना पोट दिलं. कर्जतचं ग्रामदैवतही गोदड महाराज आहेत. आषाढात त्यांची रथयात्रा भरते आणि 'गोदड' हा शब्द गोधडीच्याच घरातला.

कोल्हापूर-साताऱ्याकडे हिला वाकळ म्हणतात, सीमेपलीकडे कानडी मुलखात कौदी. नाव कोणतंही असो, पद्धत साधारण सारखी. जुन्या साड्यांचे थर एकावर एक पसरायचे, वरून नक्षीचं कापड किंवा तुकडे लावायचे आणि धावदोऱ्याने कडेकडून आत येत शिवत जायचं.

मग आजीला हे गणित का लागलं नाही?

हा प्रश्न कॉमेंटमध्ये येतोच. आजीने टेपसुद्धा न वापरता त्रिकोणांची, शंकरपाळ्यांची गोधडी शिवली होती, मग आत्ताच दशांश चिन्हं कुठून आली?

फरक शिवण्याच्या पद्धतीत आहे. पारंपरिक गोधडीत तुकडे एकमेकांना जोडत नाहीत, खालच्या अख्ख्या कापडावर ठेवून शिवतात, ठिगळासारखे. तुकड्याची कड आत दुमडायची आणि वरून टाके घालायचे. खाली सलग साडी असते, ती सगळं घट्ट धरून ठेवते. एखादा त्रिकोण थोडा मोठा झाला तर दुमड जास्त घ्यायची, लहान झाला तर शेजारच्या तुकड्याने झाकायचा. कापड ताणलं जाण्याची भीतीच नाही, कारण ताण खालच्या साडीवर येतो.

रीलमध्ये दिसणारी पद्धत वेगळी आहे. तिच्यात तुकडा तुकड्याला मशीनवर जोडून आधी वरचा थर तयार होतो. खाली आधार देणारं कापड त्या वेळी नसतं. त्यामुळे प्रत्येक तुकडा मापात असावा लागतो, आणि कडेचा तुकडा तर जास्तच. 1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने कापड कापायचं गोल पातं, म्हणजे रोटरी कटर, बाजारात आणलं. तेव्हापासून पुठ्ठ्याचा साचा ठेवून एकेक त्रिकोण आखण्याऐवजी मोठा चौकोन कापून त्याचे तुकडे करायची सवय जगभर रुळली. आज व्हिडिओत सांगितली जाणारी सूत्रं याच सवयीतून आली आहेत. आपल्याकडे बहुतेक घरांत अजून कात्रीच आहे. तरी सूत्र तेच लागू पडतं.

खरा खेळ उरेबचा

शिंप्याकडे 'उरेब पट्टी' हा शब्द ऐकला असेल. गळ्याला गोल वळवून लावतात ती तिरकी पट्टी. ती वळते, कारण ती ताणली जाते.

कापडात दोन दिशांचे धागे असतात. उभा ताणा साडीच्या काठाला समांतर जातो, आडवा बाणा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे. या दोन्ही दिशांना कापड ओढून पाहिलं तर ते फारसं हलत नाही. आता एक सुती रुमाल घ्या आणि समोरासमोरचे कोपरे धरून ओढा. तो लांब होतो, मध्ये अरुंद होतो आणि सोडल्यावरही पूर्ण जागेवर येत नाही. ती तिरकी दिशा म्हणजे उरेब.

त्रिकोण म्हटला की त्याची एक तरी बाजू उरेबमध्ये येणारच. ती टाळता येत नाही, कुठे येऊ द्यायची हे मात्र ठरवता येतं. नियम एकच: गोधडीच्या बाहेरच्या कडेवर येणारी बाजू सरळ धाग्यावर हवी. उरेब बाजू आत यायला हवी, कारण आत ती शेजारच्या चौकोनाच्या सरळ कडेला शिवली जाते आणि तिचं ताणणं थांबतं.

कडेच्या त्रिकोणाची लांब बाजू बाहेर असते. चारही कोपऱ्यांवर येणाऱ्या त्रिकोणाचं उलट आहे. त्याच्या दोन आखूड बाजू बाहेर असतात आणि लांब बाजू आत जाते. दोन्ही त्रिकोण दिसायला सारखेच काटकोनी असले तरी एकाच पद्धतीने कापून चालत नाहीत. बहुतेकांची चूक इथेच होते.

उपाय सोपा आहे. कडेच्या त्रिकोणांसाठी मोठा चौकोन घ्यायचा आणि दोन्ही कर्णांवर कापायचा, म्हणजे फुलीसारखा. चार त्रिकोण मिळतात आणि प्रत्येकाची लांब बाजू म्हणजे त्या चौकोनाची मूळ बाजू, सरळ धाग्यावरची. कोपऱ्याच्या त्रिकोणांसाठी लहान चौकोन घ्यायचा आणि एकाच कर्णावर कापायचा. दोन त्रिकोण मिळतात आणि दोघांच्याही आखूड बाजू सरळ धाग्यावर राहतात.

आता चौकोन किती मोठे?

इथे 1.414 हा आकडा लागतो. कोणत्याही चौकोनाचा कर्ण त्याच्या बाजूच्या 1.414 पट असतो. शाळेत याला 'वर्गमूळात दोन' म्हणत. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्यासाठी हीच किंमत दिलेली आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवायचा, मग त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवायचा आणि त्यातून अगदी बारीक अंश वजा करायचा. तो बारीक अंश सोडून दिला तर बाराला सतरा हे प्रमाण मिळतं, आणि गोधडीला ते पुरतं. 12 इंचांच्या चौकोनाचा कर्ण जवळपास 17 इंच. फोन हाताशी नसेल तर पाचाला सात धरूनही अंदाज येतो, मात्र थोडा कमी येतो.

सूत्र असं. शिवून तयार झाल्यावर चौकोनाची दिसणारी बाजू घ्या. तिला 1.414 ने गुणा आणि त्यात सव्वा इंच मिळवा. इतक्या बाजूचा चौकोन फुलीने कापला की कडेचे चार त्रिकोण तयार. कोपऱ्यांसाठी तीच बाजू 1.414 ने भागा आणि त्यात सात सूत मिळवा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार आणि फॅब्रिकेशनवाले वापरतात तो. हा चौकोन एकदाच तिरका कापायचा.

सव्वा इंच आणि सात सूत हे शिलाईचं माप आहे. पाव इंच शिलाई घ्यायची असेल तर चौकोनाला प्रत्येक बाजूने पाव, म्हणजे एकूण अर्धा इंच जास्त लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्रिकोणाची टोकं मात्र निमुळती असतात, त्यामुळे तिथे शिलाईत जास्त कापड जातं. म्हणून अर्धा इंच धरून भागत नाही.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत सहसा सांगत नाहीत. ही सगळी सूत्रं पाव इंच शिलाईची आहेत. जुन्या साडीचं कापड विरळ झालेलं असतं, कडेने धागे सुटतात, म्हणून अनेक जणी अर्धा इंच शिलाई घेतात आणि जुन्या कापडाला ती योग्यही आहे. तसं असेल तर मिळवायचे आकडे दुप्पट धरा: कडेच्या त्रिकोणांना अडीच इंच, कोपऱ्याच्या त्रिकोणांना पावणेदोन. 1.414 तोच राहतो.

पाव इंच शिलाईला नेहमी लागणारी मापं अशी येतात. तयार चौकोन 6 इंचांचा असेल तर कडेसाठी पावणेदहा आणि कोपऱ्यासाठी सव्वापाच इंचांचा चौकोन कापा. 8 इंचांना पावणेतेरा आणि पावणेसात. 10 इंचांना साडेपंधरा आणि 8. 12 इंचांना सव्वाअठरा आणि साडेनऊ. यातले बरेच आकडे वरच्या पावावर नेले आहेत. मोठा त्रिकोण नंतर छाटता येतो, लहान त्रिकोण वाढवता येत नाही.

अर्धा चौकोन कापल्याने नेमकं काय बिघडतं तेही पाहा. 9 इंचांच्या तयार चौकोनासाठी साडेनऊचा तुकडा कापतात. तोच तुकडा तिरका अर्धा केला तर त्रिकोणाची आखूड बाजू साडेनऊ येते, लागते जवळपास 9 इंच सात सूत. म्हणजे तीन सूत कमी. वर लांब बाजू उरेबमध्ये, आणि तीच गोधडीच्या कडेला. माप आणि धाग्याची दिशा, दोन्ही एकाच वेळी चुकतात.

एक गोधडी, सुरुवातीपासून

एका माणसाची गोधडी घेऊ. 9 इंचांचे तयार चौकोन, रुंदीला 4 आणि लांबीला 6.

9 ला 1.414 ने गुणलं की 12.73 येतात. ही एका शंकरपाळीची रुंदी. चार शंकरपाळ्या म्हणजे जवळपास 51 इंच, सहा म्हणजे साडेशहात्तरला थोडं कमी. चारही बाजूंनी 5 इंचांची पट्टी लावली की गोधडी अंदाजे 61 बाय 86 इंच होते. मोठ्या माणसाला पाय दुमडावे लागत नाहीत.

चौकोन किती? चार गुणिले सहा, चोवीस, असं वाटतं. पण शंकरपाळ्यांच्या मधल्या जागेतही शंकरपाळ्या बसतात, रुंदीला एक कमी आणि लांबीला एक कमी. म्हणजे तीन गुणिले पाच, पंधरा. एकूण 39 चौकोन, प्रत्येक साडेनऊ इंचांचा कापलेला. कापड कमी पडण्याचं हे एक मोठं कारण आहे. अनेक जणी 24 चौकोनांची तयारी करतात आणि मधल्या पंधरांपाशी अडकतात. कापड मोजकं असेल तर हे पंधरा एकाच साध्या रंगाचे घ्यावेत. धोतराचे पांढरे घेतले तर नक्षीचे चौकोन उठून दिसतात.

कडेचे त्रिकोण: वरखाली तीन-तीन, डाव्या-उजव्या बाजूला पाच-पाच, एकूण 16. चौकोनाचं माप 12.73 अधिक सव्वा, म्हणजे 14 इंच. एका चौकोनातून चार, म्हणून 4 चौकोन पुरे. कोपऱ्यांसाठी 9 भागिले 1.414, म्हणजे 6.36, त्यात सात सूत मिळवून सव्वासात. असे 2 चौकोन.

44 इंच पन्ह्याच्या कापडात 14 इंचांचे तीन चौकोन आडवे बसतात. चौथ्यासाठी दुसरी पट्टी घ्यावी लागते आणि तिच्यातच कोपऱ्याचे दोन्ही चौकोन निघतात. म्हणजे 28 इंच कापड, जेमतेम पाऊण मीटर. नवं सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून एक मीटर आणून, आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावं. नगरच्या कापड बाजारात किंवा कोणत्याही गावच्या दुकानात शेवटचा उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो आणि एवढ्या कामाला तो पुरतो.

फाडा, मग कापा

जुन्या बायका सुती कापड कापत नसत, काठाला बारीक चीर देऊन फाडत. आवाज मोठा येतो, पण फाडलेली कड नेहमी धाग्यावरच जाते. कात्री हाताबरोबर वाकते, धागा वाकत नाही. त्रिकोणांसाठीचे मोठे चौकोन असेच, थोडं माप जास्त धरून फाडून घेतले तर सरळ धाग्याची खात्री होते. तिरकं मात्र फाडता येत नाही, तिथे कात्रीच हवी. साडी फार जुनी असेल तर फाडण्याच्या फंदात पडू नका. आधी उजेडासमोर धरून पाहा. घडीवर विरलेली असेल तर ती जागा सोडा.

कापण्याआधी खळ घाला. भाताची पेज गाळून पातळ करून तीत कापड बुडवलं आणि ओलसर असतानाच इस्त्री केली की मऊ साडीही कागदासारखी होते. उरेबची बाजू मग हाताळताना ताणत नाही. बाजारातला स्टार्चचा स्प्रेही चालतो. कापून झालेले त्रिकोण हँगरला किंवा खुर्चीच्या पाठीला लटकवून ठेवू नका. सपाट, एकावर एक ठेवा. इस्त्री वरून दाबायची, कापडावर घासत न्यायची नाही. घासली की उरेब सरकते.

फुलीने कापलेल्या चार त्रिकोणांत एक गंमत होते. दोघांवरची नक्षी उभी येते आणि दोघांवरची आडवी. बारीक फुलं, ठिपके असतील तर कुणाला कळतही नाही. रेघांचं कापड असेल तर लगेच दिसतं. रेघा हव्याच असतील तर वरच्या-खालच्या बाजूला एका दिशेचे त्रिकोण आणि डाव्या-उजव्या बाजूला दुसऱ्या दिशेचे, असं वाटून घ्यावं. चूकच डिझाइनसारखी दिसते.

काठाची साडी असेल तर

यापेक्षा देखणा एक मार्ग आहे आणि तो साडीवाल्या मुलखातच शक्य आहे. कडेच्या त्रिकोणाची लांब बाजू साडीच्या काठावर ठेवायची. मग गोधडीला चारही बाजूंनी आपोआप काठ येतो.

यासाठी मोठा चौकोन कापायचा नाही. वरच्या उदाहरणात त्रिकोणाची लांब बाजू 14 इंच आहे, तर उंची तिच्या निम्मी, 7 इंच. साडीच्या काठाला धरून 7 इंच रुंदीची पट्टी काढायची. काठावर दर 14 इंचांवर खूण करायची, प्रत्येक दोन खुणांच्या मध्यावर वरच्या कडेला टोक धरायचं आणि तिरके काप द्यायचे. मध्ये उलटे त्रिकोण उरतात, त्यांच्या टोकाला काठाचा तुकडा असतो. ते कडेला वापरू नका, उशीच्या अभ्र्याला कामाला येतात. साडेपाच मीटर साडीच्या एका काठावर असे 15 त्रिकोण बसतात, आपल्याला 16 हवेत. सोळावा दुसऱ्या काठावरून घ्यायचा. काठ ताण्याच्या दिशेने विणलेला असतो, त्यामुळे ही कड सगळ्यात कमी ताणते. शिलाई काठाच्या नक्षीत किती जाईल याचा अंदाज मात्र आधी घ्या. अगदी बारीक काठ असेल तर अर्धा त्यातच गडप होतो. जर काठ जरीचा आणि बाकी साडी सुती असेल तर धुतल्यावर दोन्ही वेगवेगळे आकसतात. अशी साडी या कामाला न घेतलेली बरी.

जोडायचं कसं?

चौकोन तिरके असल्यामुळे ओळीही तिरक्याच जोडायच्या. आधी सगळं जमिनीवर किंवा पलंगावर मांडून घ्या आणि फोटो काढून ठेवा, कारण दोन ओळी शिवून होईपर्यंत घरातलं कुणीतरी त्यावरून चालून गेलेलं असतं.

आपल्या उदाहरणात नऊ तिरक्या ओळी होतात. एका टोकापासून चौकोनांची संख्या 1, 3, 5, 7, 7, 7, 5, 3, 1 अशी जाते. बेरीज 39 आली म्हणजे मांडणी बरोबर. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना कडेचा एकेक त्रिकोण. याला अपवाद दोनच: चौथ्या आणि सहाव्या ओळीचं एकेक टोक गोधडीच्या कोपऱ्यात येतं, तिथे कोपऱ्याचा त्रिकोण लागतो. उरलेले दोन कोपरे पहिल्या आणि नवव्या ओळीच्या बाहेर.

त्रिकोण चौकोनाला लावताना काटकोनाचा कोपरा चौकोनाच्या कोपऱ्याशी जुळवायचा. दुसऱ्या टोकाला त्रिकोणाचं निमुळतं टोक चौकोनाच्या बाहेर कानासारखं लोंबतं. ते पाहून माप चुकलं असं वाटतं आणि बरेच जण टोकं जुळवायला त्रिकोण सरकवतात. सरकवू नका. कान बाहेर राहायलाच हवा, शिलाई झाल्यावर तो छाटायचा. मशीनवर शिवताना त्रिकोण खाली आणि चौकोन वर ठेवला तर मशीनचे दाते खालच्या उरेब बाजूला स्वतःच पुढे नेतात, हाताने ओढावं लागत नाही.

सगळे कडेचे त्रिकोण लागल्यावर ओळी एकमेकींना जोडायच्या आणि चार कोपरे अगदी शेवटी. कोपऱ्याच्या त्रिकोणाची लांब बाजू मधोमध दुमडून चुणी पाडा, चौकोनाच्या बाजूचाही मध्य काढा, दोन्ही मध्य जुळवून टाचणी लावा.

आता कड सारखी करायची. शंकरपाळीच्या बाहेरच्या टोकापासून बरोबर पाव इंच सोडून सरळ रेघ मारायची आणि त्यावर छाटायचं. तो पाव इंच पट्टीच्या शिलाईत जातो आणि टोक अणकुचीदार राहतं. टोकापाशी छाटलं तर पट्टी लावताना प्रत्येक शंकरपाळी बोथट होते. छाटल्यावर लगेच कडेपासून एक सूत आत मोठ्या टाक्यांची एक शिलाई चारही बाजूंनी मारून घ्या. कडेचं ताणणं तिथेच थांबतं.

बाहेरची पट्टी मापताना टेप कडेवर धरू नका, गोधडीच्या मध्यावर धरा. समजा प्रत्येक कडेचा त्रिकोण दोन सूत ताणला गेला. लांब बाजूला असे पाच त्रिकोण, म्हणजे कड सव्वा इंच वाढलेली. कडेच्या मापाने पट्टी कापली तर ती वाढ कायमची शिवली जाते आणि लाट तयार होते. मध्यावरच्या मापाने पट्टी कापून, दोन्ही टोकं आणि मध्य आधी टाचून, वाढलेलं कापड टाचण्यांमध्ये थोडं थोडं वाटून घेतलं तर लाट बसते.

थर भरतानाही एक बदल लागतो. पारंपरिक गोधडी कडेकडून आत शिवतात. जोडकामाचा थर तसा शिवला तर सगळा फुगवटा ढकलला जाऊन मध्ये जमा होतो. म्हणून आधी मधून बाहेर येत कच्चा दोरा घाला, मग धावदोरा हवा तसा.

घटस्थापनेच्या आधीची परीक्षा

महाराष्ट्रात नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला निघतात. प्रवरेच्या, मुळेच्या काठी आजही त्या दिवसांत रंगीत गोधड्या वाळताना दिसतात. पाणी प्यायलेली गोधडी इतकी जड होते की पिळायला दोघं लागतात. ती दोरीवर टाकली की सगळं वजन कडेवर येतं. कड सरळ धाग्यावर असेल तर गोधडी वर्षानुवर्षं चौकोनी राहते. कड उरेबमध्ये असेल तर दोन-तीन धुण्यांत ती झालरीसारखी लोंबते आणि मग कडेचे टाके तुटायला लागतात. नव्या शंकरपाळी गोधडीला निदान पहिल्या काही वेळा दोरीऐवजी खाटेवर किंवा स्वच्छ गच्चीवर पसरून वाळवावं.

कापून झालंय आणि चुकलंय, मग?

साडी एकच होती, त्रिकोण उरेबमध्ये कापले गेले आणि लहानही आहेत. असं झालं तरी कापड वाया गेलेलं नाही.

माप बरोबर असून फक्त उरेबची अडचण असेल तर प्रत्येक त्रिकोणाच्या मागे मलमलचा किंवा जुन्या धोतराचा त्याच आकाराचा तुकडा लावा. हा तुकडा मात्र सरळ धाग्यावर कापलेला हवा. दोन्ही कडेकडेने एकत्र शिवून मग एकच कापड समजून वापरा. गोधडी थोडी जड होईल, एवढंच.

त्रिकोण लहान पडले असतील तर त्यांच्या लांब बाजूला दीड-दोन इंचांची साधी पट्टी जोडून उंची वाढवा आणि नंतर सूत्रातल्या मापाला छाटा. सगळ्या त्रिकोणांना एकाच रंगाची पट्टी लावली तर गोधडीभोवती एक बारीक चौकट तयार होते.

आणि दोन्ही चुका एकदम झाल्या असतील, किंवा साडी इतकी विरलेली असेल की जोडकाम पेलणार नाही, तर आजीची पद्धत आहेच. एक धड साडी खाली अंथरा. तयार झालेला शंकरपाळ्यांचा भाग तिच्यावर मधोमध ठेवा. त्रिकोणांच्या कडा आत दुमडून ठिगळासारख्या धावदोऱ्याने शिवून टाका. शंकरपाळ्यांची टोकं करवतीसारखी तशीच ठेवली तरी हरकत नाही, खालच्या साडीचा रंग त्यांच्यामधून दिसतो. या पद्धतीत 1.414 लागत नाही आणि उरेब कुठे आहे हेही कुणी विचारत नाही.